खांद्यात घट्ट हुमण

चवीला मापं असतात हे आजवर जगात एकट्या माझ्या मामाला कळलं आहे. डिचोलीच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान. उभा जन्म दुसऱ्यांच्या बाह्या आणि कमरा मोजण्यात गेल्यामुळे असेल, पण जिभेवर पडलेली प्रत्येक वस्तू तो कपड्यासारखी घालून बघतो. मीठ जास्त झालं तर बांगड्याचं हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, 'खांद्यात घट्ट', आंबटपणाला आमसोलं, आमची सोलं, कमी पडली तर 'बाही आखूड', नारळाचा रस फुटला तर 'शिवण उसवली'. शेजारच्या पूजेत प्रसादाचा शिरा तो तोंडात इतका वेळ घोळवत राहिला की भटजी काळजीत पडले. शेवटी म्हणाला, "बरो आसा. अस्तर तेवढां घालूक विसरल्यात." यजमानीणबाई आरती संपेपर्यंत तुपाच्या डब्याकडे संशयाने बघत होत्या. माझ्या मावसभावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मात्र कठीण प्रसंग आला. पोहे कसे झाले, असं मुलीच्या बापाने विचारलं. मुलगी समोरच उभी होती आणि मामाने मनापासून सांगितलं, "फिटिंग एकदम बरां." त्यानंतर चहा आला नाही.

आमच्या घरात कॉलेज बघणारी मीच पहिली, त्यामुळे तिथे शिकलेलं घरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जिभेला मोजक्याच चवी कळतात, तिखट ही तर चवच नव्हे, ती नुसती जळजळ, असं मी मामाला एकदा चाचरत सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे मिरचीक आमी इतकी वर्षां उगीच भियालो?"

गेल्या वर्षी आईला ताप आला आणि जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. मुळगावात आमची छोटी खाणावळ आहे. खनिजाच्या ट्रकांचे ड्रायव्हर, बहुतेक सावंतवाडी-दोडामार्गकडचे, तिथे जेवतात आणि त्यावरच आमचं घर आणि माझं शिक्षण चालतं. आईला आता हुमण आणि कोमट पाणी सारखंच लागत होतं. मी चाखून "बरं झालंय" म्हणायचे, पण तेवढ्यावरून तिला काहीच उमगत नसे. ताटांत भात उरू लागला. मग काही ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात बसलेले दिसले, तेव्हा आईने मामाला बोलावलं.

तो रोज दुपारच्या आधी दुकानाचं दार ओढून स्कूटरवरून यायचा, गळ्यात टेप तशीच.

"दादा, कसां झालां?"

"कमरेत सैल गो बाय."

आई वाटण वाढवायची. "आता?"

"आता बटण तेवढां रवलां."

आई चिमूटभर मीठ टाकायची. मला यातलं काही कळत नसे. एका पोटातून आलेल्या दोघांना ते आपोआप कळत असावं. बाहेर बाकावर बसलेला एक ड्रायव्हर ओरडला, "मावशी, जेवण करतंस की ब्लाऊज शिवतंस?" आतून मामाचं उत्तर गेलं, "गप जेव, तुझां माप घेवन ठेवलां हा." तो दुसऱ्यांदा भात मागून जेवला. हळूहळू समोरच्या हॉटेलातले बाकीचेही परतले.

शिरगावच्या जत्रेच्या सुमाराला आईची चव परत आली. हे तिने फक्त मला सांगितलं. मामा अजून रोज येतो. हल्ली त्याच्याकडे नवे कपडे कोणी शिवायला टाकत नाही. तयार पँटी आखूड करून घ्यायला तेवढी माणसं येतात, आणि तीही रोज नाहीत. मी आईला विचारलं, "त्याला सांगत का नाहीस?"

ती सोलं पिळत होती. म्हणाली, "मीठ मीच उणां घालतंय. तेका काय तरी सांगूक नको?"

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. हुमण चुलीवरून उतरलं होतं, आणि राहिलेलं मीठ आईच्या मुठीत होतं.