पाडव्याला उघडं, चेटीचंडला बंद

नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. सोमवारी दुपारी गाडी तिथे थांबली तेव्हा माझा डबा महाराष्ट्रात होता आणि चहावाला गुजरातेत. समोरच्या बाकावर सोनगडला उतरणारे एक तलाठी बसले होते. नंदुरबारहून मावसबहीण वंदनाकडे सुरतला पाडव्यासाठी निघाले आहे, असं सांगितल्यावर ते हसले.

"पाडवो काले (उद्या) छे, पण रजा नथी," ते म्हणाले. "रजा परमदिवसे (परवा). चेटीचंडनी."

चेटीचंड म्हणजे सिंधी लोकांचं नववर्ष. त्यात माझं काही बिघडत नव्हतं, पण पाडव्याला सुट्टी नाही हे ऐकून मला चक्क राग आला. गंमत अशी, की मी निवृत्त मुख्याध्यापिका. सरकारने कुणाच्याच देवाची सुट्टी देऊ नये, रविवार पुरे आहे, हे मत मी शाळेत येताजाता सगळ्यांना ऐकवत असे. आपल्या सणावर आलं की मतं जरा बाजूला बसतात.

उधन्याला उतरून रिक्षाने लिंबायतला गेले. गल्लीत शिरलं की लूमचा (यंत्रमागाचा) खडखडाट सुरू होतो आणि तो बोलणाऱ्याला आवाज चढवायला लावतो. दुकानांच्या पाट्या गुजराती, भांडणं हिंदीत, आणि दारात बसलेल्या बायकांच्या गप्पा अहिराणीत. वंदनाच्या सासूबाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, उंबऱ्यातच भेटल्या.

"उनी का व माय? बस, पानी लयस (आणते)."

वंदना महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिचा नवरा पांडेसराला कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये कामाला. पाडव्याचं विचारलं तर तो म्हणाला, "आमच्या मिलला दिवाळी आणि होळी, एवढे दोनच देव."

मंगळवारी सकाळी वंदनाने युनिफॉर्म घालूनच गुढी बांधली. काठीला सुरती साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेचं हारकडं (गाठी). जिजी आरतीचं ताट घेऊन येईपर्यंत ती चपला घालून जिन्यात पोचली होती. जिजींचा चेहरा उतरला. घरातली एकुलती एक सून पाडव्याच्या पूजेला नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

"साहेबनी रजा दिधी नही," त्या म्हणाल्या आणि एकट्यानेच आरती ओवाळली.

माझा पारा चढला. पाडवा तिकडे मरजियात रजेत (वैकल्पिक सुट्टीत) बसतो, हे मला आदल्या रात्री वंदनाच्या नवऱ्याने सांगितलं होतं. मग साहेब अडवतो म्हणजे काय? खापरावरच्या पुरणपोळ्या डब्यात भरल्या आणि मी थेट आरोग्य केंद्र गाठलं. बाहेर लेकुरवाळ्या बायकांची रांग होती. आत एका टेबलापाशी वंदना आणि दुसरी एक नर्स बाळांना लस टोचत होत्या. मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि हक्काची रजा का नाकारली म्हणून जाब विचारला.

डॉक्टर बिचारे गोंधळले. "में ना नथी पाडी, बेन. एमणे पोते ज पाछी खेंची." मी नाही म्हटलंच नाही, तिनेच रजा मागे घेतली. या आठवड्यात दोघी नर्सपैकी एकीलाच रजा देता येईल, एवढंच ते म्हणाले होते.

वंदनाने मला औषधांच्या खोलीत नेलं. डबा उघडलासुद्धा तिथेच, कारण टेबलापाशी बसलेल्या दुसऱ्या नर्सचा, नसरीनचा, रोजा होता.

"ताई, तू पण ना! सरकारी यादीत ईद गुरुवारी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण उद्या चंद्र दिसला नाही तर ईद जाईल शुक्रवारवर. सुट्टी पुढे सरकली तरी शुक्रवारचं लसीचं शिबिर काही सरकत नाही. मागच्या वर्षी अशीच तिची ईद या टेबलावर गेली. यंदा तिची अम्मी अंथरुणाला खिळलीये. पुढची ईद बघतील की नाही, कुणास ठाऊक. म्हणून शुक्रवारची रजा तिला ठेवली."

"मग जिजींना खरं का नाही सांगितलंस?"

"साहेबावर राग धरला तर दोन दिवसांत विसरतील. माझ्यावर धरला तर वर्षभर पुरेल."

मी डॉक्टरांची माफी मागितली आणि घरी आले. जिजींना काही बोलले नाही. सूर्य मावळायच्या आत आम्ही दोघींनी गुढी उतरवली.

बुधवारी चेटीचंड. सरकारी कचेऱ्या बंद, आणि वंदना घरी. जिचा सण नाही तिला सुट्टी, याचं जिजींना हसू येत होतं. सकाळी लोचो आणला. बिघडलेल्या ढोकळ्यासारखा दिसतो, पण तेल आणि शेव घातली की बोलणं बंद होतं.

संध्याकाळी नसरीन आली. जिजींच्या हातात खजुराचा पुडा देत म्हणाली, "अम्मीने भेजे हैं. वंदनाबेनने मेरे लिए अपना पाडवा छोड दिया, वो रोज़ दुआ देती हैं."

वंदनाने कपाळाला हात लावला. जिजींनी पुडा धरून ठेवला, एकदा सुनेकडे पाहिलं आणि आम्ही चंद्र बघायला निघालो तशा आमच्या मागून गच्चीवर आल्या.

पश्चिमेला मिलच्या धुराचा पट्टा होता. वाट बघताना मी माझं जुनं मत सांगितलं, की रविवार सोडून सगळ्या सुट्ट्या रद्द कराव्यात.

"रविवार भी तो गिरजाघर से आया है, आपा," नसरीन म्हणाली.

इतक्यात वंदना ओरडली, "तो बघ! टाकीच्या वर, तो बघ!" धुराच्या वर नखाएवढी कोर होती. ईद उद्याच, यादीतल्याच दिवशी. म्हणजे शुक्रवारच्या रजेची गरजच उरली नव्हती, आणि वंदनाचा पाडवा फुकट गेला होता. तरी सगळ्यांत मोठ्याने तीच हसत होती. जिजींनी पुड्यातला पहिला खजूर काढून नसरीनच्या हातावर ठेवला.

"आधी तू तोंड गोड कर," त्या म्हणाल्या, "मंग घर जाय. मायले सांग."

शुक्रवारी परतीच्या गाडीआधी निरोप घ्यायला मी केंद्रात गेले, तर वंदनाच्या खुर्चीवर नसरीन. रजा असूनही आलेली आणि वंदनाला घरी पाठवून बसलेली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "छुट्टी मेरी है साहब, मैं जहाँ चाहूँ वहाँ बैठूँ."

वंदना मला सोडायला उधन्याला आली, सोबत जिजीही. सरकारने देवधर्मापासून लांब राहावं, हे माझं मत अजून तसंच आहे. सुट्ट्यांची यादी कशीही केली तरी कुणाचा ना कुणाचा सण तिच्याबाहेर राहणारच, एवढं मात्र आता कळतं. गाडी हलली तेव्हा जिजी फलाटावर वंदनाच्या कपाळाला कुंकू लावत होत्या, पाडव्याचं राहिलेलं.