तिकीट झालेली मांजर

रजईचे दोन कोपरे अभ्र्यात नीट बसले होते आणि तिसऱ्यासाठी मी खांद्यापर्यंत आत शिरले होते, तेवढ्यात खालून हाक आली, "वहिनी, फुल्ल!"

अशी हाक आमच्या इमारतीत एकच माणूस मारतो. रजई तशीच, अर्धी अभ्र्यात अर्धी बाहेर, बाल्कनीतल्या कपाटाच्या तळाशी कोंबली. कपाटाचं दार लावायचं राहिलं. जिना उतरून खाली गेले.

हाक मारणारे आमचे कंडक्टर. बस सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण बसने त्यांना अजून सोडलेलं नाही. लिफ्टमध्ये दोनच माणसं असली तरी "पुढे सरकून घ्या" म्हणतात. दार लागलं की भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करतात. त्याशिवाय लिफ्ट हलत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. मी स्वतः देवाधर्माची बाई, त्यामुळे दुसऱ्याच्या श्रद्धेला तोंडावर हसत नाही. लिफ्टमधून उतरल्यावर हसते.

बायको गेल्यापासून त्यांचं घर म्हणजे डेपोत उभी करून ठेवलेली बस. सगळं स्वच्छ, जागच्या जागी, आणि बसायला कोणी नाही. मग गाड्यांच्या शेडमधली मांजरं त्यांच्या मागे लागली, की ते मांजरांच्या, यावर इमारतीत दोन मतं आहेत. आमच्या इमारतीत दुधाच्या पिशवीवरही दोन मतं असतात.

चेअरमनांचं मत मात्र एकच. त्यांचा मांजरांवर राग नाही हो, मुळीच नाही. फक्त त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर उमटणाऱ्या पावलांवर आहे. गेल्या वर्षीच्या सभेत ते म्हणाले, "एक माणूस आहे. पोत्यात भरून गावाबाहेर सोडून येतो. त्यांनाही मोकळी हवा मिळेल." हे त्यांनी एसीच्या खाली बसून सांगितलं. सभेने माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

कंडक्टर उठले. "साहेब, त्यांना उतरवायचं तर मलाही त्याच स्टॉपवर उतरवा."

मग त्यांनीच तोड सुचवली. मांजरं एकेक करून पकडायची, ऑपरेशन करून आणायची, पुन्हा शेडमध्ये सोडायची. पिल्लं थांबतील, आहेत ती सुखाने राहतील. धावपळ सगळी कंडक्टरांची, म्हणून चेअरमनांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. अट एकच: पुढच्या वार्षिक सभेपर्यंत आवारात एकही नवं पिल्लू नको. निघालं तर पोतेवाला. नाही निघालं तर मांजरं कायमची राहतील. फळ्यावर सूचना लागली, 'मार्जार-नियोजन उपक्रम'. नसबंदी हा शब्द नातवंडं वाचतील म्हणून चेअरमन लाजले. नातवंडांनी मार्जार म्हणजे काय ते विचारलं.

मांजर उपाशी असली तरच पिंजऱ्यात शिरते. म्हणून कंडक्टरांनी घरोघर जाऊन सांगितलं, आदल्या दिवशी खायला घालू नका. झालं! त्याच दिवशी इमारतीच्या भूतदयेला उधाण आलं. ज्यांनी जन्मभर मांजरांच्या मागे झाडू फेकले, त्या बायका बशा घेऊन खाली. आमच्या जपाच्या मंडळातल्या बायका तर सगळ्यांच्या पुढे. "मुका जीव उपाशी ठेवायचा म्हणजे पाप," असं म्हणत दूध ठेवायचं ते नेमकं पिंजऱ्याला खेटून. पुण्याला दुसरी जागाच मिळेना.

तरी या माणसाने चिकाटी सोडली नाही. पिंजऱ्यात मासळीचा तुकडा, वर जुना टॉवेल, आणि स्वतः खांबाआड उभे. मांजर बेशुद्ध असतानाच तिच्या डाव्या कानाचा शेंडा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई कापतात, म्हणजे हिचं झालंय हे लांबून कळतं. हे ऐकल्यावर कंडक्टरांचा चेहरा असा उजळला, जणू कोणी त्यांना पुन्हा नोकरीवर घेतलं. "म्हणजे पंच मारायचा! झालं ते तिकीट, बाकीचे फुकटे."

तेव्हापासून ते मांजरांचे कान तपासत फिरतात.

तर 'फुल्ल' ऐकून मी खाली गेले. पिंजऱ्यात राखी बसली होती, शेडमधली सगळ्यात जुनी मांजर.

"हिचं तिकीट झालंय," कंडक्टर म्हणाले. "डावा कान बघा. पासवाली आहे. चढते, फुकट मासळी खाते, उतरते. दर खेपेला हेच." त्यांनी दार उघडलं. "चला बाई, उतरून घ्या."

बाई उतरली. उतरताना पोट दोन्ही बाजूंना घासलं.

"कंडक्टर, तुमची पासवाली एवढी रुंद कशाने झाली?"

"मासळीने."

"मासळी अशी खाली लोंबत नाही. मी दोन बाळंतपणं काढलीत."

त्यांनी घाईघाईने राखीचा फोटो काढून डॉक्टरीणबाईंना धाडला. लगेच फोन आला. "काका, हे माझं काम नाही. मी सरळ कापते. हा कान कुठल्यातरी बोक्याने फाडलाय."

"मग आता धरून आणू?"

"आता कुठे आणता? आज-उद्या होईल ती मोकळी. पिल्लं आपापली खायला लागली की आणा."

कंडक्टर पिंजऱ्यावरच बसले. "अख्ख्या नोकरीत एक फुकटा सुटला नाही माझ्या हातून. आणि ही फाटका कान दाखवून फेऱ्यांवर फेऱ्या करत होती." मग हळूच म्हणाले, "हिच्या एकटीपायी सगळी जातील हो, वहिनी. रविवारी सभा आहे."

त्यानंतर राखी दिसेनाशी झाली. कंडक्टरांनी शेड, गच्ची, पाण्याच्या टाकीमागची जागा, सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावून मी राहिलेली रजई पुरी करायला कपाटाशी बसले. अभ्र्यात हात घातला, तिसरा कोपरा शोधला. कोपरा गरम होता. आणि तो माझं बोट चोखायला लागला.

चार होती. मध्ये राखी, जागा आधीच राखून ठेवल्यासारखी.

कंडक्टरांना वर बोलावलं. त्यांनी हात जोडले, ते माझ्या देवाला नव्हे, रजईला. मग चेहरा पडला. "चेअरमनना सांगायला हवं. नियम तो नियम. तपासणीतली चूक माझी."

"सभेत तोंड उघडायचं नाही."

"पण वहिनी..."

"नाही म्हणजे नाही."

सभेला चेअरमन पोतेवाल्याचा नंबर खिशात घेऊनच आले होते. "आवारात नवं पिल्लू कोणाला दिसलंय का?" मग त्यांची नजर माझ्यावर. "वहिनी खोटं बोलायच्या नाहीत. रोजचा जप आहे त्यांचा. सांगा वहिनी, आवारात पिल्लू आहे?"

जप असा ऐनवेळी आडवा येतो. मनात देवाचं नाव घेतलं आणि मग आवाराचा विचार केला. फाटकापासून शेडपर्यंत जे असतं, ते आवार. बाल्कनीतल्या कपाटाला आवार म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

"आवारात एकही नाही," मी म्हणाले.

शेजारी आमचे हे शिंकले. मांजराचा केस नाकाशी आला की ह्यांना शिंका आवरत नाहीत, आणि घरात तर आता केसच केस.

"सर्दी?" चेअरमन.

"रजई काढली ना," हे म्हणाले. तेही खरंच होतं.

आणि तेवढ्यात कंडक्टर उभे राहिले. "साहेब, एक सांगायचं होतं. एक प्रवासी विनाति..."

"कंडक्टर," मी मोठ्याने म्हणाले, "मागे जागा आहे, बसून घ्या!"

जन्मभर हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलेला माणूस. कानावर पडताच मुकाट्याने बसला.

ठराव मंजूर. मांजरं कायमची राहिली. फळ्यावर लागलं, 'चेअरमनांच्या पुढाकाराने उपक्रम यशस्वी'. कंडक्टरांचं नाव नव्हतं. जागा पुरली नसेल.

पिल्लं खायला लागली तेव्हा मी बशीवाल्या बायकांच्या दारोदार गेले. मुका जीव आहे, न्या एकेक. प्रत्येकीच्या घरात अचानक एक दम्याचा पेशंट निघाला. शेवटी चारही कंडक्टरांकडे गेली. "गाडी रिकामीच होती," म्हणाले. आता त्यांच्या दाराआडून सारखी टकटक ऐकू येते आणि मागोमाग "पुढे सरका, पुढे सरका". पिल्लं अर्थातच सरकत नाहीत.

आज सकाळी राखी मासळीच्या वासाने पुन्हा आपण होऊन पिंजऱ्यात चढली. या खेपेला कंडक्टरांनी दार उघडलं नाही. पिंजऱ्यावर टॉवेल टाकून ते खाली उभे आहेत आणि मला हाका मारताहेत. दुसऱ्या रजईचाही अभ्रा अर्धाच चढलाय. राहू दे. राखीला ऑपरेशनला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे.