पाळीवरचा धूर

मला कोणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला कोणी थांबवायच्या भानगडीत पडत नाही. थांबवायचे ते फक्त आबा. आबा म्हणजे आमच्या चाळीसगावाबाहेरच्या धरणात मासे धरणारे सत्तरीचे गृहस्थ. ना नात्याचे ना गोत्याचे, पण त्यांनी मान डोलावल्याशिवाय मी आणि अक्का पाण्यात पाय घालत नव्हतो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, जळगावला राहायची. लहानपणी वडिलांनी आम्हा दोघींना पाठीला वाळके भोपळे बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. पुढे लग्नं, नोकऱ्या, मुलं, आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. पन्नाशी ओलांडल्यावर मला पुन्हा खूळ लागलं आणि मी अक्कालाही त्यात ओढलं. दोन हिवाळे ती रविवारी सकाळच्या गाडीनं यायची. आम्ही काठाकाठानं पोहायचो, आबा होडी घेऊन जवळपास असायचे, आणि दर वेळी आमची नजर समोरच्या काठावरच्या चिंचेवर जायची. एकदा तिथवर जायचं, दोघींनी मिळून, हे ठरलेलं होतं.

त्या जानेवारीत अक्काचं पुण्याला मुलाकडे जायचं पक्कं झालं. कायमचं. सामान न्यायला मंगळवारी टेम्पो येणार होता. त्याआधीच्या दोन्ही रविवारी आबांनी आम्हाला परत पाठवलं होतं. एकदा धुकं होतं, होडीतून आमची डोकीसुद्धा दिसली नसती. दुसऱ्यांदा कालव्याला पाणी सोडलं होतं आणि त्या अंगाला ओढ होती. आता उरला एकच रविवार. मी तर शनिवारपासूनच जमिनीवर नव्हते.

अक्का आली ती जळगावजवळच्या असोद्याच्या भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊनच. धरण पार करून आलो की भरीत पार्टी, असा बेत होता. आमच्या ह्यांनी धरणाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या उंच बांधाच्या पायथ्याशी, पाण्याकडच्या अंगाला, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या आणि जाळ केला. भरताचा जाळ आडोशालाच लावायचा, म्हणजे वांगं सगळीकडून सारखं भाजतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

मी बघितलं तर धूर सरळ वर. समोरचं पाणी परातीत ठेवल्यासारखं निवांत. फोन उघडला, त्यातही वारा कमीच दाखवत होता. मी टोपी चढवली, कमरेला नारिंगी फुगा बांधला आणि अक्काला म्हटलं, चल, आज आबांना बोलायला जागाच नाही.

आबांनी डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघितलं आणि नाही म्हणाले. झालं, माझा पारा चढला. मी म्हटलं, मागे धुकं होतं, मग ओढ होती, आज काय आहे? त्यांनी मधल्या पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे एक काळसर पट्टा दिसत होता. ढगाची सावली असेल, मी म्हटलं. अक्का फिसकन हसली, कारण आभाळात औषधालाही ढग नव्हता.

आबांनी जाळातली एक धुमसती पऱ्हाटी काढून माझ्या हातात दिली.

"धूर आठे नको देखू, ताई. पाळवर जाईसन देख."

मी तणतणत पाळ चढले. वर पोचले, पाण्याकडे वळले आणि पाठीमागून वाऱ्याचा असा झोत आला की खांद्यावरचा टॉवेल तोंडावरच आला. पऱ्हाटीचा धूर आडवा होऊन थेट धरणाकडे पळत होता. आणि तो काळा पट्टा! वरून बघितल्यावर कळलं, अर्धं धरण लाटांनी उसळत होतं. पाळीच्या आडोशाला तेवढं आमच्यापुरतं पाणी शांत होतं. जन्मभर जाळ आडोशाला लावत आलेली मी बाई, आणि त्याच जाळाच्या धुरावरून वारा मोजायला निघाले होते! वाऱ्यानं आम्हाला आत आरामात नेलं असतं, आणि मधूनच मागे फिरायची वेळ आली असती तर साठीची अक्का तोंडावर लाटा घेत बसली असती. मला खरंच भीती वाटली. खाली आले आणि आधी कमरेचा फुगा सोडला.

आबा म्हणाले, उन्हं कलल्यावर वारा पडेल. पडला तर. अक्काची गाडी संध्याकाळची. आणि पाण्यात उतरायचं असेल तर तोवर भरीत खायचं नाही.

हा खरा छळ होता. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि वांगी ठेचली जात होती, कांद्याची पात पडत होती, आमचे हे आणि आबा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ओरपत होते आणि आम्ही दोघी एकेक केळं खाऊन वास घेत बसलो होतो. खानदेशी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मी दर अर्ध्या तासानं पऱ्हाटी घेऊन पाळीवर. आडवा. आडवा. पुन्हा आडवा. अक्का घड्याळाकडे बघायची नाही, पण मी बघतेय हे तिला दिसत होतं.

साडेतीनला वर गेले आणि धूर उभा राहिला. मी आधी विश्वासच ठेवला नाही, दुसरी पऱ्हाटी मागवली. तिचाही उभा. मी वरूनच हात हलवत सुटले. आबा होडी मधे नेऊन आले. तिथे त्यांनी भाकरीचा तुकडा पाण्यावर टाकला होता, तो टाकल्या जागीच राहिला.

"आते चला," आबा म्हणाले.

पाणी थंडगार होतं आणि माझ्या अंगात नुसती वीज खेळत होती. मला पुढे सुसाट जावंसं वाटत होतं, पण अक्काच्या बरोबरीनंच हात मारत राहिले. मधे ती दमली, फुगा धरून उताणी पडली आणि म्हणाली, विहिरीत एवढं आभाळ नव्हतं गं. पलीकडच्या चिखलाला आमचे पाय एकदमच लागले. चिंचेखाली ती ढसाढसा रडली, मीही रडले, आणि थंड झालेलं भरीत आम्ही परतताना होडीत बोटांनी खाल्लं. गाडी मिळाली, अगदी शेवटच्या मिनिटाला.

या जानेवारीत पुन्हा गेले. एकटीच. धुमसती पऱ्हाटी घेऊन पाळीवर उभी राहिले, अक्काला फोन लावला आणि पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं.

"धूर कुठून बघितलास?" तिनं आधी हेच विचारलं.

"पाळीवरून. सरळ वर जातोय."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग उतर की. फोन आबांकडे दे, बंद करू नको. मी ऐकत बसते."

आबांनी फोन होडीत फळीवर ठेवला आणि वल्हं उचललं. मी चिंचेखाली पोचेपर्यंत अक्का तिकडून एक अक्षर बोलली नाही, पण फोन चालूच होता.