देवरे काकांच्या रशियाला कुंकू लागलं

गेल्या आठवड्यात दसऱ्याला आमच्या घरी सोव्हिएत रशियाची पूजा झाली... आणि मला दरदरून घाम फुटला.

मला वर्षभरापासून रशियाच्या इतिहासाचं वेड लागलंय. पुस्तकं देतात सिडकोतले देवरे काका. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर युनियनचं काम केलेले, कट्टर नास्तिक, आता एकटेच असतात. झारशाहीपासून सोव्हिएत संघ फुटेपर्यंतचं सगळं त्यांच्या कपाटात, खाकी कव्हरं घालून.

अट एकच, पुस्तक नेलं तसं परत यायला हवं. एका सरांनी पानाचा कोपरा दुमडला होता... त्यांना पुन्हा पुस्तक मिळालेलं नाही.

यावेळी लेनिनग्राडच्या वेढ्यावरचं आणलं होतं. उपाशी माणसं भिंतीच्या कागदामागची खळ खरवडून खात होती, हे वाचून त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. थोडी पानं उरली होती. दसऱ्याच्या सकाळी पुस्तक टेबलावर ठेवून मी झेंडू आणायला गेले.

परत येते तर आईचं सरस्वतीपूजन उरकलेलं! पाटावर पाटी, शेजारी काकांचं पुस्तक, आणि उघडलेल्या पहिल्याच पानावर ओलं हळदकुंकू...

"घरातलं सगळ्यात जाड तेच होतं," आई म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

मग मी शहाणपणा केला. ओल्या कापसाने पुसायला गेले, तर डाग पानभर पसरला. नवीन प्रत मेनरोडच्या पुस्तकांच्या दुकानांत मिळेना, ऑनलाइनही मिळेना. छपाई कधीच बंद झालीये म्हणे.

शेवटी काल धीर करून गेले. काकांनी चष्मा लावला, पान उघडलं आणि बघतच राहिले. रशिया तर गेलाच, काकाही तुटणार... मी सगळं खरं सांगून टाकलं.

"कुंकवाचं काय नाय... पण पुसायला कोणी सांगितलं होतं तुला?" काका करवादले.

मग उठून त्यांनी कपाटातल्या एका पुस्तकाचं खाकी कव्हर काढलं. आतल्या मूळ कव्हरवर फिकट पिवळे-लाल ठिपके, चांगले आठ-दहा. मग दुसरं काढलं, तिसरं काढलं... सगळ्यांवर तेच. काकू दर दसऱ्याला लावायच्या आणि काका दर दसऱ्याला भांडायचे. युनियनची माणसं हसतील म्हणून त्यांनीच ही कव्हरं घातली होती.

"ती गेली, चार दसरे झाले. एकाला बी लागलं नाय," काका म्हणाले आणि बराच वेळ कव्हर परत चढवत बसले. ते काही नीट बसेना.

निघताना त्यांनी पुढची दोन पुस्तकं हातात ठेवली. "पुढच्या दसऱ्याला आणखी घेऊन जा. आईंना सांग, माझा विश्वास नाय... पण लावा म्हणावं."

रिक्षात बसले आणि इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं. आईने त्या सकाळी मला विचारलं असतं, तर मी नाहीच म्हणाले असते... बरं झालं, तिने विचारलं नाही.