बाबांचं ‘कम इन’

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. पालघरच्या इस्पितळातून बोईसरला घरी आणल्यावर त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत टाकली, दारासमोर. तिथून येणारी-जाणारी माणसं दिसतील, जरा करमेल, एवढाच विचार. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते, मी, आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसायला मासवणहून येणाऱ्या एक मावशी.

बाबा मूळचे घाटावरचे, साताऱ्याकडचे. तरुणपणी तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत वॉचमन म्हणून लागले आणि सिक्युरिटी सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. घरात त्यांच्या तोंडून मी कधी इंग्रजी ऐकलं नव्हतं. ते खातं माझं. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस ते नुसते घशातून आवाज काढत. मग एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि मागून स्वच्छ आवाज आला, “कम इन.”

तो आवाज त्यांचाच होता, पण आजारी माणसाचा नव्हता. माझ्या लहानपणी होता तसा, भरदार. मला वाटलं, दारात कुणी आलंय. उठून दार उघडलं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मागे वळले तर बाबा माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला, उघड्या दाराकडे बघत होते. “कम इन,” ते पुन्हा म्हणाले.

त्यानंतर त्यांच्याकडे तेवढंच उरलं. पाणी हवं असलं तरी ‘कम इन’, कूस बदलायची असली तरी ‘कम इन’. स्पीच थेरपीच्या बाईंनी समजावलं, “मेंदूतले बाकी शब्द जातात आणि एखादा खोल रुतलेला तेवढा राहतो. तोच पुन्हा पुन्हा बाहेर येतो. त्यात अर्थ शोधू नका.”

पण शब्दांचे अर्थ शोधणं हाच माझा धंदा. ‘कम’ आणि ‘इन’ वेगवेगळे घेतले तर काहीच नाही, एकत्र आले की किती तरी अर्थ निघतात, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. पाहुणा आत येतो तेव्हा कम इन. भरतीचं पाणी चढतं तेव्हाही तेच. बातमी येऊन थडकते, नवी फॅशन येते, जपून ठेवलेली वस्तू कामी येते, शर्यतीत कुणी पहिला येतो, सगळीकडे तेच दोन शब्द. मी एकेक अर्थ घेऊन बाबांपाशी जाऊ लागले. टीव्हीवर बातम्या लावून पाहिल्या. त्यांची जुनी काठी हातात दिली. एका रविवारी रिक्षातून त्यांना नवापूरच्या किनाऱ्यावर नेलं, भरतीच्या वेळेला. पाणी वाळूवरून चढत आमच्यापर्यंत आलं. बाबा मुकाट बघत राहिले, अवाक्षर नाही. घरी आणून खाटेवर निजवलं आणि लगेच दाराकडे तोंड करून, “कम इन.”

जेवणखाण मागतानाचा सूर वेगळा असायचा, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. पण दुपारी, कारखान्यांची पाळी बदलायच्या सुमाराला, ते दाराकडे बघून म्हणत तेव्हा त्यात आर्जव असे. म्हणत, थांबत, कान देत, पुन्हा म्हणत. मावशी एके दिवशी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“ताई, तो काय बोलतो, त्याचा अर्थ काय?”

“आत या.”

“मग बरोबर. कोनतरी हाय दारात. दादा बोलावतो, पण तो आत येत नाय.”

मी हसले. मावशी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचं दार सताड उघडं ठेवायला सुरुवात केली आणि खाटेजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणून मांडली. “पावना उभा ऱ्हायला नको,” म्हणाल्या. मी ती उचलली नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात बाबांना बघायला कंपनीतले त्यांचे एक जुने सोबती आले. मी त्यांना काकाच म्हणते. गप्पा चालल्या असताना बाबा दाराकडे वळले आणि म्हणाले, “कम इन... कम इन.” काकांच्या हातातला कप तिथेच थांबला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते कठड्याला धरून उभे राहिले.

“हे वॉकीटॉकीवरचं आहे, पोरी. ‘कम इन’ म्हणजे ‘ऐकतोयस का, बोल.’ आमच्यात एक फिटर होता, तुझ्या बाबांचा जिवाभावाचा. एकदा गॅस सुटला. भोंगा झाला, आम्ही सगळे मैदानात पळालो. तो टाकीकडे राहिला. तुझे बाबा गेटवर सेट घेऊन त्याला हाका मारत होते. कम इन, कम इन. तिकडून काही येईना. अंधार पडेपर्यंत त्यांनी सेट खाली ठेवला नाही.”

“आणि तो?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. मी जिन्यातच बसले. बाबांना ‘बाहेर ये’ म्हणायचं होतं, आणि तोंडी शब्द ‘आत ये’ असे होते. हा अर्थ मी वर्गात कितीदा सांगितला असेल, वैमानिकांचं उदाहरण देऊन. घरी मात्र तो मला सुचला नव्हता. बाबांनी या फिटरबद्दल आम्हाला कधी एक शब्द सांगितला नव्हता.

पुढच्या दुपारी मी एक वेडेपणा केला. बाबांनी हाक मारली तेव्हा आतल्या खोलीतून, आवाज जाड करून, म्हटलं, “येस, बोला. ओव्हर.” मी पडद्याआडून डोकावले. ते माझ्याकडेच बघत होते, एखाद्यानं आपल्या थाळीला उष्टा हात लावावा तसे. मी पुन्हा तसं केलं नाही.

नंतर काही दिवसांनी ते झालं. मावशी त्यांना पेज भरवत होत्या, मी खिडकीशी कपडे घड्या करत होते. दार नेहमीसारखं उघडं. बाबा हलकेच म्हणाले, “कम इन.” आणि मग त्यांची नजर दारावरून सुटली. सावकाश, जमिनीलगत न जाता माणसाच्या उंचीवरून, खोलीतून पुढे येत गेली. खुर्चीपाशी आल्यावर खाली आली आणि थांबली. कुणी चालत येऊन बसावं, तशी. मावशींनी चमचा वाडग्यात ठेवला आणि खुर्चीच्या बाजूचा पदर आवरून घेतला. माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. बाबा खुर्चीकडे बघत ऐकत होते. मधूनच मान डोलवत, एकदा नकारार्थी हलवली, एकदा डोळे भरून आले. बराच वेळ हे चाललं. मग ते झोपी गेले, चेहरा अगदी निवांत.

त्यानंतर ‘कम इन’ त्यांच्या तोंडून आलं नाही. पाण्यासाठीसुद्धा नाही. महिन्याभरात ‘पाणी’ आलं, मग ‘नको’, मग माझं अर्धं नाव. थेरपीच्या बाई खूश झाल्या. अडकलेला शब्द सुटला की बाकीच्यांना वाट मिळते, म्हणाल्या. तसंच असेल. आता बाबा तोडकंमोडकं बोलतात, घाटावरची मराठी. त्या फिटरबद्दल विचारलं की डावा हात हलवून विषय झटकतात.

परवा काका पुन्हा आले होते. बाबा झोपलेले बघून मी त्यांना हळू आवाजात त्या दुपारचं सगळं सांगितलं. ते मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “काय म्हणाला तो?”

“आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, काका.”

“नाहीच येणार,” काका म्हणाले. “त्याचा आवाज मुळातच बारीक होता. सेटवरसुद्धा आम्हाला कान लावून ऐकावं लागायचं.”