काळ्या वाळूवरची ताई

"आधी हवा काढा. बाकीचं मग बोलू."

गाडीच्या प्रत्येक चाकापाशी उकिडवं बसून, हवेच्या फुसफुशीकडे कान लावून ती हे म्हणायची. वाळूत गाडी घालायची तर टायरमधली निम्मी हवा सोडावी लागते. मग टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो; हवा भरलेला टायर नुसता खड्डा खणत बसतो. पाहुणे भोवती उभे राहून बघायचे. त्यात एखादा तरी असायचाच, "मी दुबईत डेझर्ट सफारी केलीय, हे काहीच नाही," असं सांगणारा. ती मान वर न करता मला ऐकू जाईल असं मराठीत पुटपुटायची, "ह्याचीबी काढावी लागंल."

तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सगळे तिला ताईच म्हणायचे, अगदी आमचा गोरा मालकसुद्धा. आमचा सगळ्यात जुना, म्हातारा ड्रायव्हर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी होता. त्याला हे नाव फार आवडायचं, कारण त्याच्या भाषेत 'ताई' म्हणजे भरती. "नाव बरोबर आहे," तो म्हणायचा, "ही एकदा यायला लागली की थांबत नाही."

ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत आमच्या एकसारख्या नव्या घरांच्या रांगेत ती माझ्यापासून चौथ्या दारात राहायची. मी पुण्याहून शिकायला आले आणि इथलीच झाले. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार पश्चिम किनाऱ्यावरच्या एका टूर कंपनीत बुकिंगचं काम. तिथपर्यंत तासाभराचा रस्ता, आणि तो आम्ही एकाच गाडीतून करायचो. तुम्हाला वाटेल न्यूझीलंडमध्ये कसलं वाळवंट? खरं आहे, नाहीच. पण मालकाच्या शेताच्या टोकाला समुद्रालगत वाळूचे मोठाले डोंगर होते आणि त्यानं त्याची अर्ध्या दिवसाची 'डेझर्ट ॲडव्हेंचर' करून टाकली होती. सकाळी साडेआठला सुरुवात, वाळूच्या चढउतारांवर गाडी, मग किनाऱ्यावरून उंटाची सवारी, शेवटी चहा आणि लोणी-जॅम लावलेले स्कोन. वाळू मात्र काळी. लोखंडाची, उन्हात तव्यासारखी तापणारी. वाळवंट पिवळं नाही म्हणून तक्रार करणारे लोक आठवड्याला दोन तरी यायचेच. ताई त्यांना इंग्रजीत समजवायची, "सर, सन-टॅन."

उंट तीन होते. एका बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातून आणलेले. ताईला कामावर घेतलं ते त्यांचं शेण काढायला.

मराठवाड्यात ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत स्कूटीवरून फिरून तिनं किती म्हशी सोडवल्या याची गणती नव्हती. नवरा इंजिनीअर. त्याला इथं नोकरी लागली आणि ती त्याच्या मागोमाग आली. तिची पदविका इथं कुणी विचारात घेतली नाही. पाच वर्षं ती घरी बसली. "फॉर्मवर माझ्या नावापुढं काय लिवलेलं असायचं माहितीय? डिपेंडंट. मी सतरा गावं सांभाळलीत गं," ती एकदा गाडीत म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तेवढंच. रडगाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

एका रविवारी डचेस नावाची सांडणी उठेना. टूर तासाभरावर आलेली. मालकानं डॉक्टरला फोन लावला, पण डॉक्टर लांबच्या शेतावर अडकलेला. ताई शेणाचं फावडं ठेवून डचेसच्या डाव्या कुशीशी बसली आणि मूठ पोटात रुतवून डोळे मिटून थांबली. म्हशीचं पोट बघतात तसं. दोनतीन मिनिटं गेली.

"रवंथ बंद आहे," ती मला म्हणाली. "काल कुणीतरी पाव चारलाय हिला. ढीगभर. विचार मालकाला."

मालकानं कबूल केलं. वाढदिवसाची पार्टी होती, मुलांनी बनचे पुडेच्या पुडे चारले होते. ताईनं त्याच्या हातातला फोन घेतला आणि डॉक्टरशी स्वतःच बोलली. तिचं इंग्रजी तुटक, पण पोटाची हालचाल, ताप, शेणाचा वास हे सगळं तिनं असं क्रमानं सांगितलं की डॉक्टरला मध्ये काही विचारावं लागलं नाही. मग त्यानं विचारलं, "तुम्ही काय कराल?" "खायचा सोडा, पाण्यातून. आणि चालवायचं," ती म्हणाली. त्यानं किती सोडा ते सांगितलं आणि म्हणाला, "करा. मी दुपारपर्यंत पोचतो."

दुपारी तो पोचला तेव्हा डचेस उभी राहून रवंथ करत होती आणि ताई तिच्यावर मराठीतून खेकसत होती, "भिकारडे, फुकटचा पाव मिळाला म्हणून इतका खातात व्हय?" त्या दिवसापासून उंट ताईचे झाले.

दुसरा कोणी एवढ्यावर खूश झाला असता. ताई पुढच्या महिन्यात मालकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आय वॉन्ट ड्राइव्ह."

मालक हसला नाही, पण त्याच्या भुवया वर गेल्या. साधं लायसन्स मिळवायलाच तिला तीन खेपा लागल्या होत्या, हे तिनंच सगळ्यांना हसत सांगून ठेवलेलं. तरी तिनं अभ्यास केला आणि प्रवासी नेण्याचा परवाना काढला. पण वाळूवर पाहुण्यांची गाडी द्यायची की नाही, हे मालक स्वतः परीक्षा घेऊन ठरवायचा. त्यात ताई दोनदा नापास झाली. दोन्हीदा एकाच जागी.

सगळ्यात उंच टेकाडाचा समुद्राकडचा उतार जवळजवळ उभा होता. तिथून उतरताना नियम एकच: खालच्या गिअरमध्ये सरळ नाकासमोर जायचं आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. ब्रेक मारला की गाडी आडवी होते, आणि आडवी झालेली गाडी लोळते. ताईचा पाय दोन्हीदा ब्रेकवर गेला. दुसऱ्यांदा गाडी इतकी तिरकी झाली की मालकानं स्टिअरिंग धरून सरळ केली. खाली आल्यावर तो तिला शांतपणे म्हणाला, "अजून एकच संधी. नाहीतर तू उंटांबरोबर छान आहेसच."

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. टाकानिनीचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "पाय ऐकत नाही माझा. डोकं सांगतंय, पाय ऐकत नाही." मग दोन महिने दर रविवारी टूर संपली की म्हातारा ड्रायव्हर तिला लहान लहान उतारांवर घेऊन जायचा. मी चहाचे कप विसळता विसळता लांबून गाडी खालीवर होताना बघायचे.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी मालक स्वतः पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावर गेला होता, म्हणून परीक्षा म्हाताऱ्यानं घेतली. तो पुढच्या सीटवर फॉर्म मांडीवर घेऊन, आणि मी मागे, खोटी प्रवासी म्हणून. अर्धा तास ताईनं सुरेख गाडी चालवली. आम्ही त्या उंच टेकाडाच्या माथ्यावर आलो आणि रेडिओ खरखरला.

मालकाचा आवाज. "थोडं अडकलोय. ओढ्याच्या तोंडाशी. घाई नाही. पण जरा लवकर आलात तर बरं."

माथ्यावरून सगळं दिसत होतं. मालकाची गाडी मऊ वाळूत दारापर्यंत रुतलेली, आणि चढत्या भरतीच्या पांढऱ्या फेसाची रेघ तिच्यापासून वीसेक पावलांवर. गाडीभोवती पाच पाहुणे. शेतातल्या वाटेनं वळसा घालून जायला वीस मिनिटं लागली असती. समोरून सरळ खाली, दोन.

ताईनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "टेस्ट थांबवू?"

त्यानं हात छातीवर बांधले. "गाडी तू चालवतेयस." मग त्यानं रेडिओ उचलला आणि म्हणाला, "ताई येतेय."

"माहितेय मला!" मालक पलीकडून ओरडला. "म्हणून तर बोलावतोय!"

म्हातारा इतका हसला की फॉर्म खाली पडला. ताई हसली नाही. तिनं गिअर खाली टाकला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडीचं नाक कड्यावरून खाली सोडलं. मला समोर फक्त समुद्र दिसत होता, उभाच्या उभा. पुढून तिचा आवाज येत होता, हळू, एकसारखा, अंगावर हात फिरवत एखाद्या बुजऱ्या जनावराशी बोलावं तसा. "पाय वर. पाय वर. पाय वर गं माझे बाई."

पाय वरच राहिला. खाली सपाटीला लागलो. मी मागे वळून उतार बघेपर्यंत तिनं गाडी किनाऱ्यावर निम्म्या वाटेवर नेली होती.

मालक गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता आणि चाकं आणखी खोल जात होती. ताई उतरली, त्याच्या खिडकीशी गेली. "स्टॉप. ऑफ. आऊट." मालकाला कुणी असं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. तो निमूट उतरला. पाहुण्यांना मी वर कोरड्या वाळूवर नेलं. ताईनं चाकांना हात लावून पाहिला. टायर टणक होते. मालक घाईत निघाला होता. हवा काढलीच नव्हती. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चाकाशी बसून हवा सोडायला लागली. ते बघणं पुरेसं होतं.

फावड्यानं चाकांपुढची वाळू काढली, दोन्ही गाड्यांना जाड पट्टा अडकवला. पहिल्या ओढीला पट्टा ताणला, गाडी हलली नाही, आणि ताईच्या गाडीची चाकं रुतू लागली. तिच्या जागी मी असते तर जोरात रेटलं असतं. तिनं लगेच पाय उचलला, दोन हात मागे आली, उतरून स्वतःच्या टायरची आणखी हवा सोडली. तेवढ्यात एक लाट मालकाच्या मागच्या चाकांना वेढून गेली. "ताई, ताई," मी वरून ओरडले. "येऊ दे," ती म्हणाली, लाट म्हणायची होती की गाडी, कोण जाणे.

दुसऱ्यांदा गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. पट्टा ताणला, थरथरला, आणि चिखलातून म्हैस उठावी तशी मालकाची गाडी सावकाश, मोठ्ठा आवाज करत वर आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मालक गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका पायात स्लिपर, दुसरा अनवाणी. त्याची दुसरी स्लिपर समुद्रात गेली होती.

म्हातारा गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून लिहीत होता. मालक लंगडत जवळ आला.

"तो उतार? तो कसा उतरली?"

"तू समोरच होतास ना," म्हातारा म्हणाला आणि शेवटच्या चौकटीत खूण केली.

मालकानं ताईपुढे हात केला. तिनं आधी आपला वाळूनं भरलेला हात ओढणीला पुसला, मग मिळवला. परतताना मात्र तिनं किल्ली माझ्या हातात दिली; घरापर्यंत गाडी मी चालवली. घरी तिच्या मुलीनं दार उघडलं. इथंच वाढलेली पोर; मराठी कळायचं सगळं, बोलायची इंग्रजीत. माझं सांगून व्हायच्या आत ती आईच्या गळ्यात पडली, "मम, यू लेजंड!" ताई म्हणाली, "अगं सोड, वाळू लागंल."

त्यानंतर चार वर्षं तिनं ती टूर चालवली. उंट आणि गाडी, दोन्ही. बुकिंगच्या वेळी लोक विचारायला लागले, "ताई आहे ना त्या दिवशी?" नसली तर दिवस बदलायचे.

२०१९ साली नवऱ्याची बदली वेलिंग्टनला झाली आणि ते तिथल्या जवळच्या अप्पर हट शहरात राहायला गेले. उंट म्हातारे झाले होते. मालकानं त्यांना शेतात मोकळं सोडलं आणि टूर बंद केली. चौथ्या दारात आता दुसरं कुटुंब आहे, भलं आहे. मला मात्र शनिवारी सकाळी अजून सहाच्या आधी जाग येते.

ताई म्हटलं की मला तिच्या आईची भेट आठवते. ताई वेलिंग्टनला जायच्या आदल्या वर्षी तिची आई बीडहून आली होती. पंचाहत्तरीची, काटक बाई. नऊवारी, वरून जावयाचं जाकीट. ताईनं तिला टूरला आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मागे मी आणि सहा परदेशी पाहुणे. ताईनं एका दमात गाडी सर्वात उंच टेकाडावर चढवली. सगळे उतरून फोटो काढायला पांगले. आई तेवढी अनवाणी उभी राहून समुद्राकडे बघत होती.

"ह्या लोकांस्नी कळलं का," तिनं विचारलं, "गाडी कुणी चढवली ते?"

"कळलं की, माय. समोरच तर होते."

"तसं न्हाई. सांग त्यांना. ही माझी लेक हाय म्हणावं. गावात बैलाला सुई द्यायला गेली की लोक हसायचे, बाईच्या हाताला बैल उभा ऱ्हात न्हाई म्हणायचे. मी म्हणायची, ऱ्हाईल. सांग."

ताईनं पाहुण्यांना हाक मारली. सगळे जमले. तिनं तोंड उघडलं, आणि दर टूरला पाहुण्यांना न अडखळता सूचना देणारी ती बाई एक शब्द काढू शकली नाही. माझ्याकडे वळली. "तू सांग गं. माझ्यानं नाही व्हायचं."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, बैलासकट. मग एका उंच, पिकल्या केसांच्या पाहुण्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आईपुढे कमरेतून वाकला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ताई पाठ करून, टायर बघायचं निमित्त करून खाली बसली होती.

आईनं टाळ्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. मग पदर खोचला, कुणाचा हात न घेता पुढच्या सीटवर चढली आणि ताठ बसली. थोडा वेळ वाट बघितली. कुणी येईना. तेव्हा तिनं बाजूला वाकून तळहातानं हॉर्न दाबला, लांबलचक, आणि खिडकीतून डोकं काढून आम्हा सगळ्यांना ओरडून सांगितलं, "चला रे, बसा! माझी लेक खोळंबलीय."