विसाव्याच्या अलीकडे

मी गाव सोडलं त्या सकाळी गावात मयत झालं होतं, म्हणून अण्णा मला फाट्यावर पोचवायला आले नाहीत. ते हलगी घेऊन तिकडे गेले होते. आमचं घर हलगीवाल्यांचं. लग्नाला, जत्रेला बोलावणं येतं. मयताला न बोलावता जायचं असतं.

निघताना माय म्हणाली होती, "मयत वाटंवर असताना गाव सोडू नाही. विसावा होऊ दे, मग जा." पण एसटी दिवसातून एकच होती. मावसबहीण रेश्मानं चाकणच्या कंपनीत माझं नाव लावून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला गेटवर उभं राहायचं होतं. दादा पिशवी धरून माझ्याशेजारी उभा होता. ओढ्यापलीकडून अण्णांची हलगी ऐकू येत होती.

आमच्याकडे मयताच्या दोन चाली आहेत. घरापासून विसाव्यापर्यंत पहिली. विसावा म्हणजे वाटेच्या मध्यावरचा सपाट दगड. तिथं तिरडी खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. तेवढा वेळ हलगी गप्प असते. मग दुसरी चाल सुरू होते, ती मसणवट्यापर्यंत. बायका आणि लेकरं घरीच थांबतात. त्यांना दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. पहिली चाल लांब लांब जाते, मग काहीच नाही, मग वाऱ्यावर दुसरी. ती ऐकू आली की बायका विझवलेल्या चुली पुन्हा पेटवतात. माणूस टेकलं, आता ते त्याच्या वाटेनं जाईल, असा त्याचा अर्थ.

एसटी आली तेव्हा पहिलीच चाल चालू होती. गाडी वळेपर्यंत मी खिडकीला कान लावून बसले. मधली शांतता काही आली नाही. इंजिनाचा आवाज चालीवर चढला आणि ती कधी थांबली ते मला कळलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात होता आणि मला एकटीला पाठवायला कुणी तयार नव्हतं. तरी मी लिहिते. कंपनीतून मिळालेल्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आणि वही तांदळाच्या डब्यात ठेवते. मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी नाव विचारलं तरी मी खाली बघते. लिहिताना समोर कुणी नसतं.

चाकणजवळच्या निघोज्यात आमची खोली, तात्यांच्या चाळीत. तात्या इथलेच जुने शेतकरी. शेत कंपन्यांना गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या. रेश्मा आणि मी एकाच लाइनवर वायरींचे जुडगे बांधायचो. भिंतीपलीकडे प्रेस मशिनं होती, दिवसभर पत्रे ठोकायची. बाकीच्या पोरींचं डोकं दुखायचं. मी मात्र मोजत बसायची. पहिली दोन मशिनं बरोबर पडायची, तिसरं किंचित मागे. अण्णाही तिसरा ठोका असाच मागे ठेवायचे. मुलीनं हलगीला हात लावायचा नाही असं घरात होतं, म्हणून मी लहानपणी डब्याच्या झाकणावर बोटांनी वाजवायची. दादालाही त्यांनी शिकवलं नाही. म्हणायचे, "हे माझ्यापाशी संपू दे." का म्हणायचे, ते मला शहरात आल्यावर समजलं. इथं मला कुणी हलगीवाल्याची म्हणून ओळखत नव्हतं.

रेश्मा रॅप करायची. कंपनीच्या बसमध्ये सुपरवायझरवर जोडलेले शब्द म्हणायची आणि अख्खी बस हसायची. सुट्टीच्या दिवशी ती मला थेरगावला तिच्या ग्रुपकडे घेऊन गेली. डांगे चौकाच्या मागे एका गाळ्यात सगळे जमायचे. तिथं मी पहिल्यांदा कंट्रोलर पाहिला, डीजे ज्यावर गाणी मिसळतो तो. दोन गोल चकत्या, मधे बटणं. त्यांचा डीजे पोरगा दुसरीकडे नोकरीला गेला होता. रेश्माची लय दर वेळी पुढे पळत होती. मी न राहवून टेबलावर बोटांनी ठेका धरला. रेश्मा थांबली, परत सुरू झाली आणि या वेळी बरोबर उतरली.

"ही वाजवंल," ती म्हणाली. "बोलणार नाही, पण वाजवंल."

तेव्हापासून माझं नाव डीजे मुकी. आधी टोमणा होता, मग पोस्टरवर आला. मला बरंच वाटलं. टेबलामागे उभं राहायचं, हेडफोन लावायचे, टोपी पुढे ओढायची. लोक नाचतात आणि कुणी आपल्याकडे बघत नाही. आवाज कापायचा कसा, मागे-पुढे ओढायचा कसा, एकात दुसरा मिसळायचा कसा, हे मी दोन वर्षांत शिकले. वाचून नाही, ऐकून. लूप म्हणजे काय हे समजलं तेव्हा तर मला हसूच आलं. एक तुकडा कापायचा आणि त्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडायचं. मग तो आपला आपण फिरत राहतो.

दिवाळीला गावी गेले तेव्हा अण्णांना म्हटलं, मयताची चाल वाजवा, मोबाइलमध्ये घेते. घरात ती वाजवत नाहीत, ते म्हणाले. मी म्हटलं, तुमचा हात माझ्यापाशी असावा म्हणून. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. थेरगावच्या ग्रुपला नवीन बीट हवा होता. अण्णांनी खुंटीवरची हलगी काढली. मग अंगणात बसले, हलगी शेकली आणि पहिली चाल वाजवली. मधल्या शांततेपर्यंत आले आणि काठ्या खाली ठेवल्या.

"बाकीचं वाटंवरचं हाय," ते म्हणाले. "ते घराम्होरं वाजवायचं नसतं."

मी त्या पहिल्या चालीचा लूप केला. शांततेच्या अलीकडे कापला. खाली जड बास घातला, वर रेश्माचे शब्द. एका संध्याकाळी थेरगावच्या मैदानावर तो पहिल्यांदा लावला. लोक आधी नाचत होते. थोड्या वेळानं नाचणं कमी झालं आणि ते चालायला लागले. सगळे एका बाजूनं, एका पावलानं, मैदानाला गोल. कुणी ठरवलं नव्हतं. पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. रेश्माला वाटलं, ट्रॅक हिट झाला. झालाच होता. मी आवाज खाली आणला तरी लोक आणखी एक फेरा चालले.

त्यानंतर एका दुपारी मी खोलीत सराव करत होते. दारात तात्या येऊन उभे राहिले. भाडं मागायला आलेत असं वाटून मी उठले. ते आत आले नाहीत.

"ही मयताची हाय ना?"

मी मान हलवली.

"व्हय, वळखली. येगळ्या मुलखाची हाय, पर तीच हाय." ते ऐकत राहिले. लूप फिरला, परत फिरला. "पोरी, ह्याच्यात इसावा कुठं हाय?"

मी म्हटलं, नाही घेतला.

"न्हाई? मग हे मानूस जानार कुठं?"

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावाच्या विसाव्याचा दगड कंपनीच्या कंपाउंडखाली गेला. आता ते गेट नंबर तीनसमोर तिरडी टेकवतात. गार्ड बाजूला होतो, आत जाणारे ट्रक थांबतात. दगड गेला तरी टेकवणं सोडलेलं नाही. हे बोलताना त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळू ठेका धरत होता. ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला, तरी पाय थोडा वेळ हलत राहिला.

मी ट्रॅक तसाच ठेवला. दुसरी चाल माझ्याकडे नव्हती, आणि लोकांना तर हीच आवडत होती.

दादानं तो ट्रॅक अण्णांना ऐकवला. अण्णांचा फोन आला. खूश होते. म्हणाले, ह्यात सगळं हलगीचंच हाय, फक्त विस्तवावर शेकलेलं न्हाई. मग म्हणाले, "पर बाई, ऐकल्यापासून माझे पाय थांबंनात बघ."

मला वाटलं, चेष्टा करतायत. दादा म्हणाला, खरंच. जेवायला बसले की उठतात. अंगणातून रस्त्यापर्यंत जातात, परत येतात. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. अण्णा गोळ्या घेऊनही चालायचे. माय म्हणायची, चालताना त्यांचे ओठ मोजत असतात. मी दादाला मोबाइलमधून ते गाणं काढून टाकायला सांगितलं. त्यानं काढलं. अण्णांना त्याची गरज उरली नव्हती.

ते गेले तेव्हा मी लाइनवर होते. सुपरवायझरनं सोडलं, मी मिळेल त्या गाड्यांनी निघाले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरले, त्याच जागी, जिथून गेले होते. उतरले आणि ओढ्यापलीकडून हलगी ऐकू आली. अण्णांचाच हात. पहिली चाल. मला वाटलं, माझा मोबाइल चुकून चालू झाला. मी खिशात हात घातला. मोबाइल बंद होता.

गावात दुसरा हलगीवाला उरला नव्हता. हलगीवाल्याला हलगीशिवाय कसं न्यायचं, म्हणून दादानं मित्राकडून माझा ट्रॅक परत मागवला आणि टेंपोवर स्पीकर लावून पुढे ठेवला. रेश्माचे शब्द गाळले होते, फक्त लूप. अण्णांची हलगी अण्णांपुढे, एवढाच त्याचा विचार. त्याची चूक नव्हती. चूक माझी होती. मी जिथं कापलं होतं, तिथं ती चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. शांतता आलीच नाही, म्हणून कुणाचे पाय थांबले नाहीत. दगड मागे पडला हे खांदेकऱ्यांना मसणवट्यात पोचल्यावर कळलं.

मी फाट्यावर उभी राहून दुसऱ्या चालीची वाट बघत होते. ती माझ्याकडेच नाही, तर कुठून येणार, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

निघोज्यात परत आल्यावर तो ट्रॅक मी सगळीकडून काढून टाकला. पण प्रेस मशिनं तोच ठेका मारत होती. तिसरं मशीन आता कसंही मागे पडत नव्हतं, अण्णा ठेवायचे तेवढंच मागे राहत होतं, बरोबर. कँटीनमध्ये माझी बोटं ताटाच्या कडेवर चालायची आणि शेजारच्या पोरी जेवण अर्धं सोडून उभ्या राहायच्या.

"ए मुके, बोटं आवर," रेश्मा म्हणायची. "पायांना मुंग्या येतात माझ्या. कुठं जायचंय ते तरी सांग."

मी मायला रोज फोन करायची. दादानं सांगितलं की माय वहिनीच्या हातचं गॅसवरचं खाते, पण तिची अंगणातली चूल तिनं अजून पेटवलेली नाही. मी विचारलं तेव्हा ती साध्या आवाजात म्हणाली, "अजून टेकले नाहीत गं ते. मी ऐकायलेय ना."

मी तात्यांना सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. ते म्हणाले, आमची दुसरी चाल तुला देऊन उपेग न्हाई, तुमची तुलाच काढावी लागंल. वाट अर्धी तूच ठेवलीस, आता त्यांना खाली तूच उतरव.

ती चाल मी जवळून कधीच ऐकली नव्हती. घराच्या उंबऱ्यातून, ओढ्यापलीकडून, वाऱ्यावर जेवढी आली तेवढीच. आजवर मी आवाज वाढवायला शिकले होते. आता उलटं करावं लागलं. हेडफोनमध्ये दिवाळीचं ते मूळ रेकॉर्डिंग लावून आवाज इतका खाली आणायचा की असल्यासारखा वाटेल, आणि मग आठवायचं. रोज शिफ्टवरून आल्यावर मी तेच केलं. हळूहळू चाल आली. शेवटचा तुकडा सोडून. तो वारा नेहमी घेऊन जायचा.

महिन्याच्या विधीला गावी गेले. बायकांनी मसणवट्यात जायचं नसतं, पण विसावा अर्ध्या वाटेवर आहे आणि तिथपर्यंतचं कुणी काही बोललेलं नाही. भर दुपारी मी अण्णांची हलगी घेऊन गेले. कडब्याच्या जाळावर कातडं शेकलं. पहिल्यांदाच हात लावत होते. पहिली चाल वाजवली आणि जिथं कापलं होतं तिथं आले. माझे हात परत सुरुवातीकडे ओढले जात होते. मी ते ओढून काढावेत तसे काढले आणि हलगी दगडावर टेकवली.

शांत झालं. पाखरूसुद्धा नव्हतं. माझ्या पाठीमागच्या वाटेवर धूळ बसावी तसं काहीतरी बसलं. मी मागे पाहिलं नाही.

मग हलगी उचलली आणि दुसरी चाल वाजवली. जिथपर्यंत येत होती तिथपर्यंत. पुढचं येत नव्हतं, म्हणून थांबले, काठ्या पिशवीत घातल्या आणि जाळावर माती टाकत होते, तेवढ्यात मायचा फोन आला.

"चूल पेटवली," ती म्हणाली.

मी विचारलं, सगळं ऐकू आलं का.

"पार शेवटापर्यंत. शेवटचे तीन ठोके तर लई साफ. तसे ह्यांचेच पडायचे."

मी ते वाजवले नव्हते. तिला सांगितलंही नाही.

आता मी पुन्हा डीजे मुकी आहे. प्रेस मशिनं पुन्हा नुसती मशिनं झाली आहेत, तिसरं आपलं कसंही मागे पडतं. मी नवीन ट्रॅक केला, दोन्ही चालींचा. मधे सगळा आवाज बंद करते. ग्रुपमधले म्हणतात, एवढा वेळ थांबलीस तर पब्लिक जाईल. पब्लिक जात नाही. माणसं हातातलं काहीतरी खाली ठेवल्यासारखी उभी राहतात, मग परत नाचतात. खोलीत सराव करताना मी त्या जागी आले की पत्र्यापलीकडे तात्याही खोकायचे थांबतात.

घर म्हणजे मला आधी गाव वाटायचं, मग निघोज्यातली ही खोली वाटायला लागली. आता वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी चूल विझवून, कान देऊन बसलेलं असतं, ते घर. ते लांब असलं तरी चालतं. ऐकू येईल एवढंच लांब असावं.

शेवटचे तीन ठोके मी ट्रॅकमध्ये घातलेले नाहीत. तिथं जागा मोकळी ठेवते आणि हात टेबलावरून उचलते.